टायटॅनियमचा घडीचा चाकू घरच्या घरी कस्टमाइज कसा करतात? स्टोनवॉश आणि ॲनोडायझिंग, सोप्या मराठीत

रील्समध्ये तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. राखाडी रंगाचा धातूचा तुकडा पाण्यात बुडतो, वायर लागते आणि दोन सेकंदांत तो जांभळा होतो, मग निळा, मग सोनेरी. ना पेंट, ना स्प्रे, ना फिल्टर. खाली कमेंट्समध्ये निम्मे लोक 'फेक' म्हणतात आणि उरलेले 'लिंक द्या' म्हणतात.

हे फेक नाही. याला ॲनोडायझिंग म्हणतात. टायटॅनियमच्या बाबतीत ते खायचा सोडा आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या वापरून घरी करता येतं. पण रील तीस सेकंदांची असते, त्यामुळे त्यात तीन गोष्टी सांगायच्या राहून जातात: रंग नेमका येतो कुठून, धोका कुठे आहे, आणि हातातली वस्तू खरंच टायटॅनियमची आहे का. या लेखात आपण हे सगळं क्रमाने बघू. उदाहरण घडीच्या चाकूचं घेतलं आहे, कारण या छंदात तीच वस्तू सगळ्यात जास्त लोकप्रिय आहे. पेन, की-चेन, चमचा किंवा घड्याळाचं बकल असेल तरी पद्धत हीच.

## आधी चाकूची ओळख

'टायटॅनियमचा चाकू' म्हटलं तरी पातं जवळपास नेहमी स्टीलचंच असतं. टायटॅनियम धार धरून ठेवत नाही. टायटॅनियमची असते ती मूठ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या. त्यांना स्केल म्हणतात. बहुतेक वेळा हा 'ग्रेड ५' टायटॅनियम असतो: साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. विमानांचे भाग आणि हाडांत बसवायचे इम्प्लांट याच मिश्रधातूचे बनतात.

मुठीसाठी टायटॅनियमच का, तर तो स्टीलपेक्षा बराच हलका आहे, गंजत नाही आणि स्प्रिंगसारखा लवचिक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्या कारागिराने १९८७ साली फ्रेम लॉक ही रचना आणली. त्यात मुठीचीच एक पट्टी वाकून पात्याच्या मागे अडकते आणि पातं जागेवर धरून ठेवते. या रचनेला टायटॅनियम इतका जमला की आज महागड्या घडीच्या चाकूंमध्ये हेच कॉम्बिनेशन सर्रास दिसतं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. रंग द्यायचा तो मुठीला. पात्याला, स्टीलच्या स्क्रूंना आणि बेअरिंगला नाही.

## रंग येतो कुठून?

मुंबईच्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचा इंद्रधनुषी तवंग सगळ्यांनी पाहिला आहे. पेट्रोलमध्ये निळा किंवा गुलाबी रंग नसतो. पाण्यावर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो. काही प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येतो, काही खालच्या. परत येताना या दोन लहरी एकमेकींत मिसळतात. त्यात काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना मारून टाकतात. जो रंग उरतो तो आपल्याला दिसतो. थराची जाडी बदलली की रंग बदलतो.

टायटॅनियमवर हेच होतं, फक्त पेट्रोलच्या जागी असतो टायटॅनियम ऑक्साइडचा थर. हाच पदार्थ पावडर करून भिंतीच्या पांढऱ्या पेंटमध्ये आणि सनस्क्रीनमध्ये घालतात. पावडर असताना पांढराशुभ्र, पण धातूवर पारदर्शक पातळ थर म्हणून बसला की निळा, सोनेरी किंवा गुलाबी.

हा थर किती जाड होणार, ते ठरवतं व्होल्टेज. अंदाजे एका व्होल्टला दोन नॅनोमीटर इतका थर वाढतो. म्हणजे २७ व्होल्टला सुमारे ५० नॅनोमीटर आणि १०० व्होल्टला सुमारे २०० नॅनोमीटर. तुलनेसाठी, माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो.

थर अमुक इतका झाला की वाढ आपोआप का थांबते? कारण ऑक्साइड वीजरोधक आहे. थर जाड होत जातो तसा करंट कमी होत जातो. तुम्ही दिलेलं व्होल्टेज त्या थरातून पुढे ढकलायला अपुरं पडलं की प्रक्रिया थांबते. म्हणून रंग वेळेवर अवलंबून नाही, व्होल्टेजवर आहे. दहा सेकंद ठेवा किंवा दोन मिनिटं, ३० व्होल्टचा निळा हा ३० व्होल्टचाच निळा राहतो. कोडिंग करणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर व्होल्टेज हाच इथे कलर कोड.

पण या कलर कोडला 'अनडू' नाही. २७ वरून ५४ वर जाता येतं, ५४ वरून २७ वर येता येत नाही. एकदा बसलेला जाड थर कमी व्होल्टेजने पातळ होत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

## तुमच्या फोनशी याचा काय संबंध?

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ प्रोची फ्रेम ग्रेड ५ टायटॅनियमची होती. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ अल्ट्राला टायटॅनियमची फ्रेम दिली. २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो मात्र परत ॲल्युमिनियमवर गेला.

आयफोन १५ प्रो आला तेव्हा हातातल्या तेलाने फ्रेमचा रंग बदलतो अशी चर्चा झाली होती. ॲपलनेही सांगितलं की त्वचेच्या तेलामुळे बाहेरच्या पट्टीचा रंग तात्पुरता वेगळा दिसू शकतो आणि मऊ कापडाने पुसल्यावर पूर्ववत होतो. आता कारण ओळखता येईल. पातळ थरावर आणखी एक पातळ थर बसला की प्रकाशाचं गणित बदलतं. ॲनोडाइज केलेल्या चाकूवर बोट ठेवलं तरी हेच होतं. निळ्यावर तपकिरी डाग दिसतो आणि पुसला की जातो.

एक फरक मात्र लक्षात घ्या. ॲल्युमिनियमचे रंगीत फोन आणि लॅपटॉपही 'ॲनोडाइज्ड' म्हणून विकले जातात, पण तिथे प्रक्रिया वेगळी आहे. ॲल्युमिनियमवर सच्छिद्र थर तयार करतात आणि त्या छिद्रांत खरा रंग भरतात. त्याला ॲसिड लागतं. तो घरी करायचा उद्योग नाही. आणि फोनची फ्रेम घरी ॲनोडाइज करायचा विचारही करू नका. त्यावर आधीच कोटिंग असतं, आत बॅटरी असते आणि वॉरंटी हातची जाते.

## हा टायटॅनियम आहे की नुसतं नाव?

ऑनलाइन 'टायटॅनियम नाइफ' शोधलं की स्वस्त चाकूंची रांग लागते. त्यातले बरेच स्टीलचे असतात, वर टायटॅनियम नायट्राइडचं सोनेरी किंवा इंद्रधनुषी कोटिंग असतं. असा चाकू सोड्याच्या पाण्यात प्लस वायरला लावला तर रंग येणार नाही, फेस येईल आणि गंज धरेल. म्हणून खरेदी आधी तपासा.

चुंबक चाचणी. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर विषय संपला. पण नाही चिकटला म्हणून टायटॅनियमच असं नाही, कारण ॲल्युमिनियम आणि काही स्टेनलेस स्टीललाही चिकटत नाही.

पाण्याची चाचणी. ही खात्रीची आहे आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर होते.

१. सुटी केलेली पट्टी कोरडी असताना वजन करा. समजा ३१ ग्रॅम.
२. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा.
३. पट्टी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ती तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं तिचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. समजा ७.
४. ३१ भागिले ७ म्हणजे ४.४.

उत्तर साडेचारच्या आसपास आलं तर टायटॅनियम. पावणेआठ ते आठ आलं तर स्टील. पावणेतीनच्या जवळ आलं तर ॲल्युमिनियम. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर बरं, कारण घनफळाचा आकडा लहान असतो आणि एका ग्रॅमच्या फरकानेही उत्तर हलतं.

ग्राइंडरवर ठिणग्या पाडून धातू ओळखायचे व्हिडिओ आहेत. ते घरी करू नका. टायटॅनियमची बारीक कोरडी धूळ पेट घेते आणि ती आग पाण्याने विझवायला जाणं आणखी धोक्याचं असतं.

## सामान कुठे मिळेल?

दादरमध्ये राहणाऱ्याला यासाठी फार फिरावं लागत नाही. खायचा सोडा किराणा दुकानात. नेलपेंट आणि ॲसिटोनवालं रिमूव्हर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही ब्यूटी शॉपमध्ये. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे आपण ज्याला 'बॅटरीचं पाणी' म्हणतो ते, गाडीच्या बॅटरीच्या दुकानात.

क्रोकोडाइल क्लिप, वायर, मल्टिमीटर आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या घाऊक भावात हव्या असतील तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरायचं. पॉलिश पेपर, छोटे टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर आणि हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट. मध्य रेल्वेने मशीद स्टेशन. गोल खडे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या फिशटँकच्या दुकानांत बघा, पण रंगीत किंवा लॅमिनेशन केलेले नकोत. नैसर्गिक, गुळगुळीत आणि साधारण हरभऱ्याएवढे घ्या.

## पायरी १: चाकू खोलणे

मोबाईल रिपेअरच्या किटमध्ये जे चांदणीच्या आकाराचे बिट असतात तेच इथे लागतात, बहुतेक वेळा टी६ आणि टी८.

- आधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. जोडताना कोणता वॉशर कुठे होता ते कुणाला आठवत नाही.
- स्क्रू घट्ट असेल तर जोर लावू नका. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा. आतलं थ्रेडलॉकर मऊ होतं.
- पातं सुटलं की लगेच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून टेप लावा आणि वर ठेवून द्या. घरात लहान मूल असेल तर ही पायरी टाळायची नाही.
- फ्रेम लॉकच्या टोकाला कधीकधी स्टीलचा छोटा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. तोही काढा.
- खिशाला अडकवायची क्लिप टायटॅनियमची की स्टीलची, चुंबकाने बघा.

चाकू खोलला की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी संपते. हे मान्य नसेल तर इथेच थांबा.

## पायरी २: स्टोनवॉश

स्टोनवॉश म्हणजे दगडांबरोबर घुसळून धातूवर हजारो बारीक, वेगवेगळ्या दिशांच्या खुणा पाडणे. जीन्सला स्टोनवॉश करतात तीच कल्पना. फायदा दिसण्यापुरता नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर एक ओरखडाही डोळ्यात भरतो. स्टोनवॉशवर नवीन ओरखडे आधीच्या खुणांत मिसळून जातात, म्हणून रोज वापरायच्या वस्तूला हे फिनिश टिकाऊ ठरतं.

कारखान्यात यासाठी टंबलर मशीन आणि सिरॅमिकचे खडे असतात. घरी घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची बरणी पुरते. काचेची अजिबात नको.

१. जुने खोल ओरखडे असतील तर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. घासताना पृष्ठभाग सतत ओला ठेवा म्हणजे धूळ उडणार नाही.
२. लॉक जिथे पात्याला टेकतो ती कड आणि पिव्होटचं भोक चिकटपट्टीने झाका. या दोन जागांची मापं बारीक असतात. तिथे झीज झाली तर लॉक सैल होऊ शकतो.
३. बरणी दोन तृतीयांश खड्यांनी भरा. खडे बुडतील एवढं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब घाला.
४. एका वेळी एकच पट्टी टाका. दोन टाकल्या तर त्या एकमेकींवर आपटून खड्डे पडतात.
५. पाच मिनिटं हलवा, काढून बघा, परत टाका. एकूण वीस ते तीस मिनिटं लागतात. दुसऱ्या पट्टीला तेवढाच वेळ द्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. फोनवर टायमर लावा.

खडे फार कमी असतील तर पट्टी बरणीच्या तळावर आपटते आणि ठळक व्रण येतात. खडे गच्च भरले तर काहीच हलत नाही.

आवाजाचं काय? भरपूर होतो. चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर बरणी जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि हे दुपारच्या झोपेच्या वेळी करू नका. वॉशिंग मशीनमध्ये टाकायची आयडिया सुचली असेल तर ती सोडून द्या. मशीन दुरुस्तीचा खर्च चाकूपेक्षा जास्त असतो, आणि आईला उत्तर द्यावं लागतं ते वेगळंच.

पातं स्टोनवॉश करायचं असेल तर धार बोथट होणार हे गृहीत धरा. पहिल्या वेळी फक्त मूठ करा.

## पायरी ३: ॲनोडायझिंगची तयारी

ॲनोडायझिंगमध्ये नव्वद टक्के काम स्वच्छतेचं आहे. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे वेगळा रंग येतो आणि ठसा कायमचा छापला जातो.

- पट्टी लिक्विड साबण आणि जुन्या टूथब्रशने घासून धुवा.
- मग ॲसिटोनने पुसा. खिडकी उघडी आणि गॅस बंद असू द्या, कारण ॲसिटोन पटकन पेट घेतो.
- यानंतर हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही.

द्रावण असं करा: अर्धा लिटर बॅटरीच्या पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा, पूर्ण विरघळवून. भांडं प्लॅस्टिकचं घ्या आणि ते परत स्वयंपाकात वापरू नका.

मीठ कधीही घालू नका. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन वायू तयार होतो, आणि छोट्या स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोरीन असतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर.

दुसरी महत्त्वाची मनाई. परदेशी व्हिडिओंमध्ये रंग जास्त चमकावा म्हणून पट्टी आधी एका 'एच' द्रावणात बुडवतात. त्यात बऱ्याचदा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते त्वचेतून आत शिरतं, सुरुवातीला दुखत नाही आणि नंतर हाडांपर्यंत इजा करतं. ते घरात आणायचंच नाही. त्याशिवाय वरच्या व्होल्टेजचे रंग, खासकरून हिरवा, थोडे फिके येतात. तेवढं चालवून घ्या. नुकतंच स्टोनवॉश केलेल्या ताज्या पृष्ठभागावर खालचे रंग छान येतात.

## पायरी ४: वीज

घरातल्या प्लगची वीज या कामासाठी वापरायची नाही. डायोड लावून थेट २३० व्होल्टवर केलेले जुगाड इंटरनेटवर आहेत. ओल्या हातांनी त्या द्रावणाला स्पर्श झाला तर माणूस जागीच जाऊ शकतो.

नवशिक्यांसाठी नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या बऱ्या. त्यांची टोकं एकमेकींत बटणासारखी बसतात. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसमध्ये अडकवत गेलं की व्होल्टेज वाढत जातं.

| बॅटऱ्या | अंदाजे व्होल्ट | येणारा रंग |
|---|---|---|
| २ | १८ | ब्राँझ, तपकिरी |
| ३ | २७ | जांभळा ते गडद निळा |
| ४ | ३६ | निळा |
| ५ | ४५ | फिकट आकाशी |
| ६ | ५४ | चंदेरी ते फिकट पिवळा |
| ७ | ६३ | सोनेरी |
| ८ | ७२ | गुलाबी |
| ९ | ८१ | जांभळट |
| १० | ९० | निळसर हिरवा |

शंभर व्होल्टच्या आसपास हिरवा येतो. लाल आणि काळा या पद्धतीने येत नाहीत. धातूचा ग्रेड, फिनिश आणि बॅटरी किती ताजी आहे यावर छटा थोडी इकडेतिकडे होते, म्हणून मल्टिमीटरने खरं व्होल्टेज मोजा.

माझा सल्ला: घरी सहा बॅटऱ्यांच्या वर जाऊ नका. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक मानला जातो, आणि ओल्या हातांना त्याखालीही झटका बसू शकतो. ५४ व्होल्टपर्यंत ब्राँझपासून फिकट पिवळ्यापर्यंत पाच रंग मिळतात. सुरुवातीला ते पुष्कळ आहेत. पुढे छंद वाढला तर करंट लिमिट असलेला बेंच पॉवर सप्लाय घ्या. ० ते ३० व्होल्टचा साधा सप्लायही जांभळा आणि निळा देतो.

आता जोडणी:

१. भांड्याच्या एका बाजूला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी लटकवा. तिला मायनस.
२. चाकूची पट्टी प्लसला. पट्टीच्या भोकातून टायटॅनियमची तार ओवा आणि क्रोकोडाइल क्लिप तारेच्या कोरड्या टोकाला लावा. क्लिप किंवा तांब्याची वायर पाण्यात बुडाली तर सगळा करंट तिकडे जातो, ती विरघळते आणि पट्टीला रंग येत नाही.
३. पट्टी आणि फॉइल एकमेकांना टेकता कामा नयेत, नाहीतर शॉर्ट सर्किट.
४. कोरडे रबरी हातमोजे घाला. सगळं जागेवर बसलं की शेवटी बॅटरी जोडा. बुडबुडे दिसतील आणि रंग पळत वर चढेल. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहे, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ दिवा किंवा उदबत्ती नको.
५. वीस-तीस सेकंदांत बुडबुडे कमी होतात. आधी बॅटरी सोडवा, मगच पट्टीला हात लावा.
६. बॅटरीच्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने कोरडी करा. ओली असताना रंग वेगळा दिसतो. खरा रंग सुकल्यावरच कळतो.

सोड्याचं पाणी मोरीत ओतलं तरी चालतं. बॅटऱ्यांची माळ काम झाल्यावर लगेच सोडवा. तशीच ड्रॉवरमध्ये टाकली आणि दोन्ही टोकांना चमचा-किल्ली टेकली तर ती तापून आग लागू शकते.

## दोन रंग हवे असतील तर?

इथे 'अनडू नाही' हा नियम उलट आपल्या कामाला येतो. जो भाग निळा हवा तो नेलपेंटने झाका. उघडा भाग ५४ व्होल्टला फिकट पिवळा करा. मग ॲसिटोनने नेलपेंट काढा, साफ करा आणि सगळी पट्टी २७ व्होल्टला बुडवा. झाकलेला भाग निळा होईल, पिवळा जसाच्या तसा राहील. लक्षात ठेवा: मोठं व्होल्टेज आधी, छोटं नंतर.

जुनाट, वापरलेला लुक हवा असेल तर क्रम बदला. आधी रंग द्या आणि मग दोन-तीन मिनिटंच स्टोनवॉश करा. कडांवरचा रंग निघतो, खोलगट जागी राहतो.

## परत जोडणे आणि टिकाऊपणा

फोटो बघत जोडा. पिव्होटवर तेलाचा एक थेंब आणि स्क्रूला अगदी थोडं निळं थ्रेडलॉकर. मग लॉक तपासा. चाकू उघडून, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता, पाठीमागून हलका दाब द्या. लॉक सरकत असेल तर तो चाकू वापरायचा नाही. जाणकाराला दाखवायचा.

रंग किती टिकतो? ऑक्साइडचा थर आपणहून उडत नाही आणि उन्हात फिका पडत नाही. पण तो अतिपातळ आहे. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर घासला गेला की काही महिन्यांत कडा उघड्या पडतात. घासणीने सगळा रंग काढून परत करता येतो. म्हणून ही संरक्षणाची ढाल समजू नका. हॉस्पिटलमध्ये हाडांत बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू आणि प्लेट याच पद्धतीने रंगवलेले असतात. तिथे रंगाचं काम माप पटकन ओळखता यावं एवढंच असतं.

फोटो काढताना एक टीप: फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स या रंगांना फसतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स लॉक करून काढा. कोन बदलला की रंगही बदलतो, त्यामुळे दोन-तीन कोनांतून घ्या.

## कायदा काय म्हणतो?

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. घडीचा चाकू या मापापेक्षा बराच लहान असतो. पण याचा अर्थ तो खिशात घालून कुठेही फिरता येतं असा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू बाळगण्यावरही बंदी असू शकते. मेट्रोत चाकू चालत नाही, विमानाच्या केबिन बॅगेतही नाही.

थोडक्यात, हा चाकू घरी पार्सल उघडायला, फळं कापायला, फार तर ट्रेकच्या सॅकमध्ये तळाशी. रंगीत केला म्हणून दादर स्टेशनच्या गर्दीत काढून मित्रांना दाखवायची वस्तू तो नव्हे.

## नेहमी पडणारे प्रश्न

एवढा महाग चाकू पहिल्याच प्रयोगाला वापरू का?
नको. टायटॅनियमचा स्वस्त चमचा, अंगठी किंवा पट्टीचा तुकडा घ्या. त्याला टोकापासून थोडं थोडं बुडवत व्होल्टेज बदला आणि तुमचा स्वतःचा कलर चार्ट बनवा.

रंग पट्ट्यापट्ट्यांचा आला. काय चुकतं?
बहुतेक वेळा तेल राहिलेलं असतं, नाहीतर तारेचा संपर्क सैल असतो. घासा, धुवा, परत करा.

काहीच झालं नाही.
प्लस-मायनस उलटे आहेत का बघा. मग बॅटरीचं व्होल्टेज मोजा. तरीही नाही, तर पाण्याची चाचणी परत करा. ती वस्तू टायटॅनियमची नसण्याची शक्यता जास्त.

टायटॅनियम भारतात मिळतो का?
हो. ज्या खनिजापासून तो काढतात ते इल्मेनाइट रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं. खनिजापासून धातू काढणं मात्र किचकट काम आहे. केरळमधल्या चवरा इथे टायटॅनियम स्पंज बनवणारा कारखाना आहे आणि हैदराबादच्या मिधानीत त्याचे मिश्रधातू तयार होतात. पुढच्या वेळी कोकणात किनाऱ्यावर काळी चमकणारी रेती दिसली तर खिशातलं चुंबक तिच्यावर फिरवून बघा. चटकन चिकटेल तो मुख्यतः मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. मागे उरलेल्या काळ्या कणांमध्ये इल्मेनाइट असू शकतं.